निवृत्तीदादाचं पोचवायचं काम

आमच्या निवृत्तीदादावर कुणी भाषण करायला उभं राहिलं की माझं डोकं फिरतं. गरिबीतून वर आला, कंदिलाखाली अभ्यास केला, कॉम्प्युटरला कॉम्प्युटर जोडणारा आपल्या भागातला पहिला माणूस झाला. अहो, कंदिलाखाली तर अख्खा मराठवाडा अभ्यास करत होता, सगळे काय शास्त्रज्ञ झाले? मी त्याची धाकटी बहीण, धुरपताबाई. नायगावच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून माझा जन्म गेला, त्यामुळं गुळमुळीत बोलायची मला सवय नाही. दादाला हार, शाली, फोटो यांचं काही पडलेलं नव्हतं. त्याला एकच गोष्ट हवी होती. आमच्या आबांनी, म्हणजे वडलांनी, एकदा तरी त्याच्याकडं तोंड करून म्हणावं की पोरा, तुझं काम चांगलं हाय. त्या एका वाक्यासाठी माणूस झुरला. ते वाक्य त्याला कसं मिळालं ते कुणी भाषणात सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आमचं गाव कोराळवाडी, निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या अंगाला. निजामाच्या राज्यात आम्ही बिदर जिल्ह्यात होतो, मग उस्मानाबादेत गेलो, मग लातूरचे झालो. जिल्हे बदलत राहिले, गाव होतं तिथंच राहिलं. ओढ्याच्या पलीकडं पाटलांचं गाव, अलीकडं आमची वस्ती. आबांचं नाव ग्यानोबा सोनकांबळे. गावकीच्या कामांत त्यांच्या वाट्याला मौतीची खबर न्यायचं काम होतं. मोठ्या घरात कुणी मेलं की आबांनी घुंगराची काठी घ्यायची आणि सोयऱ्यांच्या गावोगाव चालत जायचं. पाऊस असो, अंगात ताप असो. परक्या गावात शिरायचं नाही, वेशीबाहेर उभं राहून ओरडायचं. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतायचे. परत आल्यावर पाटलाच्या दारी एक भाकर आणि चटणी.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. त्या दिवशी आबांनी घरी येऊन ती काठी गुडघ्यावर मोडली आणि चुलीत घातली. आमची माय, सरजाबाई, त्याच जाळावर भाकरी थापत होती. "तुझ्या बापानं लई दिसांनी चुलीला सरपण आणलं बघ," असं ती हसून सांगायची. पुढं थोड्याच दिवसांत पाटलाची आई वारली आणि आबांना बोलावणं आलं. आबा म्हणाले, "या पायांनी आता कुणाच्या मौतीची खबर जाणार न्हाई." त्या संध्याकाळी ओढ्याच्या काठावर आबांना मारलं. डावा पाय मोडला, तो कधी नीट बसला नाही, आबा जन्मभर तिरके चालले. गिरणीवर दळण बंद झालं, दुकानात मीठ बंद झालं. मी तेव्हा मायच्या काखेत होते. दादा आठ वर्षांचा होता, त्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलं.

पण दादानं त्याच्या आधीचंही काही पाहिलं होतं. माझ्या वेळी माय बाळंतीण असताना पोराला बघायला घरात कुणी नव्हतं, म्हणून आबा त्याला खबरीला बरोबर घेऊन जायचे. दादासाठी ते दिवस म्हणजे सुख होतं. बापाच्या खांद्यावर बसायचं, बाभळीचा डिंक काढून खायचा, बाप गुणगुणायचा ते ऐकायचं. वेशीबाहेर पोचलं की आबा हाळी द्यायचे आणि थांबायचे. उत्तर नाही आलं तर लगेच ओरडायचे नाहीत. कुत्र्यांना भुंकून दमू द्यायचे, मग दुसरी हाळी, मग त्याहून जास्त थांबायचे. आतून कुणीतरी "कळलं" म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. आबांसाठी ती गुलामी होती, आणि ती चुलीत गेली होती. पोरासाठी मात्र त्या रस्त्यावर बाप एकट्या त्याचा होता. घरात या गोष्टीचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून दादा गप्प राहिला.

तो शिकला. निलंग्याला, मग औरंगाबादला, मग इंजिनिअर होऊन मुंबईला मोठ्या संस्थेत. आबांनी त्यासाठी रस्त्यावर खडी फोडली, मायनं परक्याच्या रानात खुरपलं. पोराचं नाव निघालं की आबांची छाती फुगायची. निलंग्याच्या बाजारात ओळखीचा माणूस दिसला की तिरके तिरके चालत मुद्दाम त्याला आडवे जायचे. "पोरगं मुंबईला असतं," एवढंच म्हणायचे आणि पुढं व्हायचे. माय म्हणायची, "बास की आता, लोकं रस्ता बदलायलेत."

बहात्तरच्या दुष्काळात निलंगा रस्त्याच्या सरकारी कामावर आम्ही खडी फोडत होतो. आबा, माय आणि मी. दादा सुट्टीला आला आणि पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून आमच्यात येऊन बसला. आबांना एवढा आनंद झाला की त्यांनी मुकादमाला हाक मारली. मुकादम आमच्याच भागातला, सटवाजी नावाचा. "हा बघा माझा पोरगा," आबा म्हणाले. सटवाजी म्हणाला, "बरं झालं. काय शिकायलाय म्हणावं?" आबांना ते सांगता येईना, ते दादाकडं वळले, "सांग बाबा."

आता मला सांगा, इंग्रजीत पुस्तकं वाचणारा माणूस, काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. विजेचं काम करतो म्हणाला असता तरी आबा खूश झाले असते. पण त्याला आबांना समजेल असं सांगायचं होतं. तो म्हणाला, "आबा, एक मशीन हितं, एक मशीन लांब तिथं. मधी तार. हिकडचा निरोप तिकडं जसाच्या तसा पोचला पायजे, ते माझं काम."

सटवाजी खो खो हसला. "म्हंजी बापाचंच काम की रे! एवढा शिकलास आन् निरोपच न्यायलास?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण आबांनी हातोडा खाली ठेवला. समोरच्या खडीकडं बोट केलं. मग मायला म्हणाले, "याच्यासाठी फोडली का मी ही?" दादा काहीतरी समजावून सांगायला लागला, पण आबा उठून दुसऱ्या ढिगाकडं गेले.

त्या दिवसापासून आबा दादाशी सरळ बोलले नाहीत. भांडण नाही, शिव्या नाहीत. दादा समोर ताटावर बसलेला असायचा आणि आबा माझ्याकडं बघून म्हणायचे, "त्याला म्हणावं, आणखी घे." दादा म्हणायचा, "आबांना सांग, पोट भरलं." दोघांच्या मधी हातभर जागा! "तुमच्या तोंडांना काय मी दोरी बांधलीय का?" असं मी किंचाळायचे. माय पदरात तोंड घालून हसायची, आणि नंतर एकटी रडायची. लग्न होऊन नायगावला गेले तेव्हा वाटलं सुटले एकदाची. कुठलं सुटते! दादा नांदेडला काही कामानं आला की नायगावला यायचा आणि चपला काढायच्या आधी विचारायचा, "आबा काय म्हणत होते?" मी गावी गेले की आबा विचारायचे, "खातो का नीट? वाळलाय का?" पाय मोडून घेतला पण निरोप नेला नाही त्या माणसानं, आणि पोटच्या पोरीला मात्र वर्षानुवर्षं निरोपाला जुंपलं. आणि दरवेळी दादा मला शेवटी हळूच विचारायचा, "माझ्या कामाबद्दल काय म्हणले का?" मी म्हणायचे, न्हाई. खोटं बोलून काय उपयोग, माझं तोंड लगेच कळतं.

दादाचं काम मला जेवढं समजलं तेवढं सांगते. मोठ्या शहरांत टेलिफोनची तार चांगली असायची, तिच्यावरून मशीनला मशीन जोडणं जमत होतं. आपल्याकडची तार म्हणजे वारा सुटला की घों घों. बाहेरचे शास्त्रज्ञ म्हणायचे, आधी तार सुधारा, मग बघू. दादा म्हणाला, तार अशीच राहणार, मशीनला धीर शिकवू. मशीननं निरोप धाडायचा आणि पलीकडून पोच यायची वाट बघायची. पोच नाही आली तर घाईनं पुन्हा धाडायचा नाही, थोडं थांबायचं. तरी नाही आली तर आणखी जास्त थांबायचं. त्यानं ते लिहून छापलं, परदेशातून त्याला बोलावणी आली. एक वर्ष तिकडं राहिलाही. तिकडच्या लोकांनी राहा म्हणून गळ घातली. हा परत आला.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. गुलाल, हलग्या, पेढे, सगळं झालं. नवी कचेरी, नव्या खुर्च्या, आणि पाणी मात्र कुठंच नाही. लागोपाठ पावसानं दगा दिला. दादानं मुंबईची चांगली जागा सोडून लातूरला सरकारी बदली मागून घेतली तेव्हा त्याचे मित्र त्याला वेडा म्हणाले. तालुक्याहून टँकरची मागणी जिल्ह्याला जायची, तिथून हुकूम यायचा, तोवर गाव दुसऱ्या गावाला पाण्याला गेलेलं असायचं. दादानं आधी नांदेड आणि लातूर जोडून बघितलं, त्याच घों घों करणाऱ्या तारेवर. मग निलंगा, मग औसा. रात्रंदिवस राबला. लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. माय स्थळं आणायची, तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी." त्याचं हे पुढचं वर्ष कधी उजाडलं नाही.

निलंगा जोडलं त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर टँकर वेळेवर यायला लागला. पहिल्यांदाच असं झालं की पाटलांच्या गावाला आणि आम्हाला एकाच दिवशी पाणी मिळालं. आबांनी बरेच दिवस बघितलं आणि मी गावी गेले तेव्हा मला विचारलं, "हे कुणाच्या डोक्यातनं निघालं?" मी म्हणलं, "तुमच्या पोराच्या. तालुक्याची मागणी त्याच्या मशीनवरनं लातूरला जाती. गाव आणि वस्ती निराळी लिहायची, हे त्यानं पहिल्या दिवसापासून ठेवलंय." दुसऱ्या दिवशी आबा टँकरजवळ जाऊन उभे राहिले, बायकांच्या घागरी भरताना बघत राहिले. संध्याकाळी म्हणाले, "कुठं असतंय म्हणं ते मशीन?"

त्याच वर्षी पावसाळा सरताना लातूरला दादाचा सत्कार ठरला. कचेरीतले मोठे साहेब, पुढारी, सगळे येणार होते. मी आबांना म्हणलं, "चला." मला वाटलं नाही म्हणतील. ते म्हणाले, "मला धड सदरा न्हाई." अहो, मी नाचले! नवा सदरा घेतला, धोतर घेतलं, मायनं ते धुऊन नीळ घातली. दादाला कळवलं तेव्हा तो फोनवर बोलेचना. मला वाटलं लाईन गेली. मग म्हणाला, "खरंच येणार हायेत? तू म्हणलीस म्हणून का आपल्या मनानं?" मी म्हणलं, "आपल्या मनानं." एवढा चाळिशीचा माणूस, त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

आबांना पहिल्या रांगेत बसवलं. ते काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसले होते. भाषणं झाली. मग दादा उठला. त्याचं पाठ केलेलं भाषण त्यानं बाजूला ठेवलं आणि सरळ आबांकडं बघून बोलायला लागला. "हे काम मला कुठल्या कॉलेजात कुणी शिकवलं न्हाई. ते माझ्या वडलांनी शिकवलं. ते समोर बसलेत."

मी त्याला डोळ्यांनी खुणावत होते, बास कर, बास कर. तो माझ्याकडं बघेल तर ना! त्यानं सगळं सांगितलं. आबा मौतीची खबर घेऊन कसे जायचे, वेशीबाहेर कसे उभे राहायचे, हाळी देऊन कसे थांबायचे, कुत्री शांत झाल्याशिवाय दुसरी हाळी कशी द्यायची नाही. "मी त्यांच्या खांद्यावर होतो," तो म्हणाला. "माझी मशीन तेच करती. ही अक्कल माझी न्हाई, आबांची हाय." मनात एवढी वर्षं जपलेलं सगळ्यात चांगलं जे होतं ते त्यानं चारचौघांत बापाच्या पायावर ठेवलं होतं.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आणि पाटलांचा नातू श्रीमंत, तो तेव्हा पुढारी झाला होता, व्यासपीठावरच बसला होता, त्यानं हौसेनं माईक घेतला. "आमच्याच गावचे हो! आमच्या घरच्या सगळ्या मयतांच्या खबरी ग्यानोबानंच नेल्यात. काय आवाज होता!" पुन्हा टाळ्या. कुणीतरी आबांना उभं राहून लोकांना दर्शन द्या म्हणालं.

आबा उभे राहिले. मग वळले आणि सगळ्यांच्या मधून तिरके चालत बाहेर गेले. दादा तिथंच माईकपाशी उभा राहिला. त्याला काय झालं ते अजून कळलं नव्हतं, आणि मग कळलं, ते मी त्याच्या तोंडावर बघितलं. बाहेर आबा बसस्टँडचा रस्ता विचारत होते. बसमध्ये ते मला एवढंच म्हणाले, "पाय मोडला त्याचं काय दुखलं न्हवतं मला." मला रडू फुटलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

दादा त्यानंतर गावी आला नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. नायगावला यायचा, ताटावर बसायचा आणि न जेवता उठायचा. "मी काय चुकीचं बोललो गं?" असं विचारायचा. मी म्हणायचे, "चुकीचं काय न्हाई. पण त्यांनी जे चुलीत घातलं ते तू ताटात वाढलंस." एकदा म्हणाला, "मला फक्त त्यांनी एकदा म्हणावं वाटत होतं." काय म्हणावं ते त्याला बोलवलं नाही. मला माहीत होतंच.

फाल्गुनात आबांचा दमा वाढला. खडीची धूळ जन्मभर छातीत गेलेली. मी रजा काढून गेले. छाती तपासली तेव्हाच मी समजले, नर्स आहे, मला कुणी सांगायची गरज नव्हती. एका दुपारी माय पाण्याला गेली होती, तर आबा म्हणाले, "धुरपता, त्या दिवशी तो बोलला ना, कुत्री दमल्याबिगर मी हाळी देत न्हवतो म्हणून."

मी म्हणलं, "जाऊ द्या आता आबा."

"ऐक तर. एवढंसं पोर होतं ते. मला वाटायचं, त्याच्या ध्यानात ओढ्याकाठचा मारच राहिला असंल. बापाला लोळवलेलं. त्याच्या ध्यानात डिंक राहिला गं. खांदा राहिला." त्यांना धाप लागली. मी पाठ चोळली. मग म्हणाले, "काम चांगलं हाय त्याचं. लई चांगलं हाय."

मी लगेच उठले. "मी आत्ता निलंग्याला जाऊन फोन करते."

"बस खाली. तू सांगायचं न्हाई. लई पळवली तुला आम्ही दोघांनी. जयंतीला तो आला की मीच सांगीन, त्याच्या तोंडाकडं बघून." मग म्हणाले, "आन् त्याच्याआधी माझं काय झालं तर माझ्या मौतीची खबर कुणी कुठं न्यायची न्हाई. आपल्यातल्या कुणीच न्हाई. शबुद दे." मी शब्द दिला. काय करणार होते? माय पाणी घेऊन आली तेव्हा तिलाही सांगितलं.

जयंती तोंडावर आली होती तेव्हा एका सकाळी आबा गेले. वस्तीतली माणसं जमली. आमचा चुलत भाऊ शेषेराव सायकल काढून निघाला, निलंग्याहून लातूरला फोन करतो म्हणाला. मायनं त्याचं हँडल धरलं. "न्हाई. त्यांचा शबुद हाय." लोक म्हणाले, अहो, एकुलता एक पोरगा, त्याच्याबिगर कसं उचलायचं? माय डोळे पुसून उठली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "खबर न्यायची न्हाई म्हणले. पोराला आणायचं न्हाई असं कुठं म्हणले? जा, त्याला घेऊन ये. तोंडातनं मातर काय काढू नको."

तशी मी निघाले. लातूरला दादा त्याच्या मशीनच्या थंडगार खोलीत स्वेटर घालून बसला होता, बाहेर अंग भाजत होतं. मला दारात बघून तो उठला.

"तू हितं? आबा?"

"चल, घरी चल."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी पाणी मागितलं, घटाघटा प्याले, तोंडावर मारलं, डोळ्यांचं काही कळू नये म्हणून. त्याच्या तोंडाचा रंग हळूहळू बदलला. "आबांनी बोलावलं?"

"चल म्हणते ना."

आणि त्यानं ते धरलं. एवढा हुशार माणूस, पण त्या गोष्टीची वाट बघून बघून त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं. स्वेटर काढून फेकला, साहेबांना सांगितलं, "वडलांनी बोलावलंय." तीनतीनदा सांगितलं, शिपायाला पण सांगितलं.

बसमध्ये तो बोलायचा थांबेना. आधी पाया पडीन, मग म्हणीन चुकलो, त्यांनी मारलं तरी चालंल. "खोकला कसा हाय?" त्यानं विचारलं. मी म्हणलं, "थांबलाय." "बघ, मी म्हणत न्हवतो, ऊन पडलं की बरं वाटतंय त्यांना!" मी खिडकीकडं तोंड केलं. रस्त्याच्या कडेला कोरडी रानं चालली होती आणि माझ्या छातीत माझा बाप मेलेला होता. मोठ्यानं रडायची सुद्धा चोरी.

मग नेहमीचाच प्रश्न त्यानं विचारला. भीत भीत विचारला. "माझ्या कामाबद्दल काय म्हणले का?"

आबा ते आपल्या तोंडानं सांगणार होते. आता कुणाच्या तोंडानं सांगणार? मौतीची खबर न्यायची नाही, हा शब्द मी दिला होता, तो मी पाळत होते. पण हे मी अडवून ठेवलं असतं तर मला आयुष्यात झोप लागली नसती. मी म्हणलं, "म्हणले. काम चांगलं हाय त्याचं. लई चांगलं हाय. असं म्हणले."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. डिंकाचं सांगितलं, खांद्याचं सांगितलं. "त्यांच्या शब्दांत सांग," तो म्हणाला. मी आबांच्याच शब्दांत सांगितलं. तो बसमध्ये सगळ्यांसमोर रडायला लागला, आणि रडता रडता हसत होता. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं काय झालं, तर म्हणाला, "माझ्या बापानं मला चांगलं म्हणलंय, काका." म्हाताऱ्याला काही समजलं नाही, तरी तो पण हसला.

औशाला बस थांबली. ड्रायव्हर इंजिनला पाणी शोधायला गेला. दादा उडी मारून उतरला आणि पेढ्यांचा मोठा बॉक्स घेऊन आला. म्हाताऱ्याला दिला, कंडक्टरला दिला, मागच्या बायकांना, त्यांच्या लेकरांना दिला. "घ्या हो, घ्या, घरी आनंदाचं काम हाय." मग माझ्या शेजारी बसला आणि एक पेढा माझ्या हातावर ठेवला. मी तसाच धरून बसले. "खा की गं," तो म्हणाला. "सगळ्यात जास्त तुझाच हक्क हाय." माझ्या दादाला मी त्याच्या जन्मात एवढं खूश कधी बघितलं नव्हतं.

मी खाल्ला. घशातून उतरत नव्हता, तरी गिळला.

निलंगा मागं पडलं. आमच्या फाट्यावर वस्तीतली माणसं रस्त्याच्या कडेला बसलेली होती, बस दिसल्यावर ती उठून उभी राहिली. सगळ्यांच्या डोक्यावरचे रुमाल हातात होते. दादा खिडकीतून बघत होता, त्याच्या मांडीवर अर्धा रिकामा बॉक्स होता. त्यानं त्या माणसांकडं बघितलं, मग वळून माझ्याकडं बघितलं. माझ्या ओठांना अजून पेढा लागलेला होता.